स्वेटर तिसऱ्याकडे आला

सात चाळीसची बस दोघांना घेऊन जाते
आणि तिघं उरतात.
उरतात हा शब्द माझ्या सासूचा.
ती फोनवर विचारते, "आज घरी किती उरले?"
जणू कालचा पाव.

मॅबली केस बांधत बांधतच दाराबाहेर पडते,
इद्रिसला कधीच दुसरा मोजा सापडत नाही.
बस खाडीला वळसा घालून टेकडीआड जाते
तेव्हा किटलीला उकळी येते
आणि पहिला दिवस आवरायच्या आत
माझा दुसरा दिवस सुरू होतो.

गेथिन नऊ वर्षांचा होईपर्यंत शाळेत होता.
मग एका नोव्हेंबरात तो बोलायचाच थांबला.
भांडण नाही, ताप नाही.
बसथांब्यावर नुसता बुटांच्या नाड्या
सोडायचा, बांधायचा, सोडायचा.
ड्रायव्हर ग्लिन म्हणायचा, "सावकाश होऊ दे, मी थांबतो."
सतरा दिवस थांबला बिचारा.
अठराव्या दिवशी मीच हात हलवून
बस जाऊ दिली.

जुळ्यांनी हे सगळं खिडकीतून पाहिलं होतं.
त्यांनी शाळेचं नावच काढलं नाही.

कौन्सिलच्या बाई आल्या, वही उघडून म्हणाल्या, "वेळापत्रक?"
मी भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कोष्टक दाखवलं.
त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.
मग गेथिननं समजावलं
उद्याची भरती आजच्यापेक्षा पाऊण-एक तास उशिरा का,
चंद्र म्हणून कांदा
आणि पृथ्वी म्हणून बाईंचाच चहाचा कप घेऊन.
सलग अकरा वाक्यं. मी मोजली.
बाईंनी काय लिहिलं ठाऊक नाही.
मी आत जाऊन
एक घासलेलं भांडं पुन्हा घासलं.

रोज असं नसतं.
परवा अपूर्णांक शिकवताना मी पेन्सिल भिरकावली.
नॉन शांतपणे म्हणाली,
"शाळेत तुला वर्गाबाहेर उभं केलं असतं."
मग मी राहिले उभी, परसात, भुरभुर पावसात, पाच मिनिटं.
खरं सांगू, बरं वाटलं.

मॅबली म्हणते, "यांची चंगळ. पायजम्यात इतिहास!"
जुळी म्हणतात, "त्यांची चंगळ. त्यांना बस मिळते!"
पाची बोटं सारखी नसतात, मान्य.
पण प्रत्येक बोटाला वेगळी खोली दिली
की हातमोजा कमी ऊब देतो,
हे इथल्या जानेवारीनं शिकवलं.

शाळेचा निळा स्वेटर मॅबलीकडून इद्रिसकडे गेला,
आणि इद्रिसला आखूड झाल्यावर
गेथिनकडे, ज्याला शाळाच नव्हती.
तो घालून कोंबड्यांना दाणे टाकायचा.
छातीवरचा शाळेचा बगळा उसवत उसवत
मानेपर्यंत गेला.

मागच्या रविवारी त्यानं तो स्वतः धुतला.
बोलला काहीच नाही,
पण त्याच्या न बोलण्याचे प्रकार आता मला कळतात.
हा नवा होता.
रात्री इद्रिसनं बगळ्याची मान शिवून दिली,
तांबड्या दोऱ्यानं,
पांढरा कुणी कुठे ठेवला देव जाणे.

सोमवारी थांब्यावर तिघं.
नाड्या घरूनच बांधलेल्या, दुहेरी गाठ.
ग्लिननं विचारलं, "थांबू?"
"नको," गेथिन म्हणाला. "बुधवारपर्यंत जातो. मग बघू."

मी घरात आले तर जुळी टेबलाशी बसलेली.
टेगिड विचारत होता,
"मग आज चंद्र कोण धरणार?"
कांदा मी चिरायला घेतला होता.
परत टोपलीत ठेवला.