कायतानची प्लेट

बांबोळीच्या इस्पितळात तळमजल्यावर आमची खोली.
खिडकी आहे, उघडायची नाही असा नियम.
काचेपलीकडे काजूचं एक झाड,
एवढाच काय तो ऋतू.
सकाळी आठला मी इन्क्युबेटरचं दार ओढते
आणि कालचा पू रात्रभरात काय झाला ते पाहते.

नावं आमच्याकडे येत नाहीत. नंबर येतात.
त्या दिवशी मात्र फॉर्मवर कुणीतरी घाईत लिहिलं होतं:
नडगीची जखम, एकोणिसावा दिवस,
माडावरून पडला. रेंदेर.
म्हणजे सूर काढणारा,
संध्याकाळी आभाळाच्या बाजूने गाव पाहणारा माणूस.

प्लेट वाचायची असते.
आधी जंतू पसरायचे, सायीसारखे, एकसारखे.
त्यावर औषधात भिजलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या,
कपाळावरच्या टिकलीएवढ्याच.
औषध चाललं तर टिकलीभोवती अंगण पडतं,
गोल, स्वच्छ, नुकतं सारवल्यासारखं.
पट्टी लावून ते अंगण मी मोजते.
एकवीस वर्षं मी अंगणं मोजते आहे
आणि ती दर वर्षी थोडी थोडी
आखडत आलेली मला दिसली आहेत.

या प्लेटवर अंगणच नव्हतं.
टिकलीच्या काठाला टेकून बसलेले ते,
गुलाबी, तुकतुकीत, खाऊन-पिऊन सुखी.
लूप लावून उचललं तर तार आली,
फणसाचा गरा सोडवताना येते तशी,
तुटेना.
आर, आर, आर, मी लिहीत गेले.
महागड्या औषधापुढेही आर.

उरलं एक जुनं,
मूत्रपिंडांना जड म्हणून माळ्यावर टाकलेलं,
हल्ली पुन्हा खाली काढलेलं.
त्याला टिकली चालत नाही, नळ्यांत बघावं लागतं.
म्हणजे आणखी एक रात्र.

दुपारी वॉर्डातले स्वॅब घ्यायला मलाच वर पाठवलं.
खाटेवर कायतान. शेजारी पिएदाद,
पेजेच्या डब्याचं झाकण हातात धरून, विसरून.
मी नळाखाली काडी फिरवली, सिंकच्या जाळीत,
ड्रेसिंगच्या ट्रॉलीच्या दांडीवर.
तो बघत होता.
मग म्हणाला,
‘बाय, हांव पडलों तेन्ना घाय नितळ आशिल्लो.
हे जीव म्हजे काय तुमचे?’

मी काडी नळीत घातली. बूच लावलं.
त्यावर तारीख लिहिली, गरजेपेक्षा सावकाश.

‘आमी दामोणें सदांच हून उदकान धुतात,’ तो म्हणाला,
‘ना जाल्यार सूर आंबट जाता.
दिसना कितें. पूण आसता.’
रागावला नव्हता.
एका धंद्यातल्या माणसानं
दुसऱ्या धंद्यातल्याला सांगावं, तसं.

जिना उतरताना मी थांबले.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी
माझ्याच अंगठीखाली एक काडी फिरवली.

सकाळी.
नळाच्या प्लेटवर किरकोळ काहीबाही.
ट्रॉलीची: गुलाबी. तार.
सिंकची: गुलाबी. तार, हात वर नेला तरी येतच राहिली.
अंगठीची मी सगळ्यांत शेवटी उघडली.
काही नव्हतं.
मला हायसं वाटलं,
आणि त्या हायसं वाटण्याची
दिवसभर लाज.

जुन्या औषधाच्या नळ्या उजेडाकडे धरल्या.
पहिल्या दोन गढूळ. तिसरीपासून निवळ.
एस, मी लिहिलं. पुन्हा तपासलं.
मग फोन केला, रिपोर्टची वाट न बघता.

आता नऊ दिवस झाले.
त्या नंबरचा पू आलेला नाही.
नंबर यायचा थांबला की आमच्या खोलीत
त्याचे दोन अर्थ होतात,
आणि वर जाऊन विचारायचं नाही,
हा नियम कुणी केलेला नाही, मीच पाळते.

ट्रॉली बदलली, असं कळलं.
सिंक तिथेच आहे.