शंभर सुपांची ऑर्डर

शंभर सुपं, चाळीस टोपल्या, तीन दिवस भाड्यानं.
आत धान्य जाणार नव्हतं,
बल्ब जाणार होते.
मंडपवाला गलांडे म्हणाला, मावशी, आफ्रिकेचा फील पाहिजे.
मी म्हटलं, बांबू भोरचा आहे.
तो म्हणाला, चालतंय.

शेतकी कॉलेजच्या मैदानात टेम्पो मागच्या गेटनं घेतला.
पुढच्या गेटवर झेंडे,
आणि राजदूत येणार म्हणून पाणी मारलेली माती.
दूत म्हटलं की आमच्या घरात एकाचेच ठाऊक,
रेड्यावर बसतो त्याचे.
हे मात्र दिल्लीहून विमानानं आले,
उतरल्या उतरल्या सगळ्यांना हात जोडत सुटले,
पाणी मारणाऱ्या पोरालासुद्धा.

वासाला पास लागत नाही.
इथिओपियाच्या तव्यावर आंबोळी, परातीएवढी,
जाळी धरलेली, आंबूस.
पलीकडे सुदानची बाई पीठ कालवत होती.
मी बोट लावून चाखलं. ज्वारीच.
गाळ्यावरच्या पाटीवर लिहिलेलं, हे धान्य मूळचं आमच्याकडचं.
बार्शीच्या माझ्या जावेनं वाचलं
तर भांडायला येईल.

रवांडाच्या गाळ्यात थांबले ते पाय दुखले म्हणून.
तिथं द्रोसेला बसली होती,
मांडीत टोपली, दातात घायपाताचा धागा.
टोपलीला झाकण, उंच, कळसासारखं निमुळतं.
मी वीण शोधली.
वीण नव्हतीच.
आम्ही एक कामटी खाली, एक वर, असं चालतो;
हिनं गवताची वेटोळी नुसती फिरवत नेलेली
आणि सुईनं टाका घालून
मागच्या वेढ्याला बांधलेली.
चुंबळ! मोठ्यानं बोलले मी.
ओझ्याखाली घ्यायची ती चुंबळ
हिनं वर वर रचली
आणि मधे जागा ठेवली.

कोंढव्यात राहून फार्मसी शिकणारा पोरगा होता,
मराठी रिक्षावाल्यांकडून उचललेली.
म्हणाला, मावशी, लग्नात देतात ही.
आत काय आहे, विचारायचं नसतं.

चिठ्ठीवरची किंमत मात्र विचारायची गरज नव्हती.
माझी बत्तीस सुपं.
हेवा वाटला नाही म्हटलं तर खोटं होईल.
मग तिची बोटं बघितली,
चिरलेली, अंगठ्याच्या आतल्या बाजूला,
माझी चिरतात तिथंच.
हेवा गेला नाही.
जरा सरकून बसला.

तिनं वर बोट केलं. माझं सूप टांगलेलं,
पोटात पिवळा बल्ब.
हे कशाचं, तिच्या वतीनं पोरानं विचारलं.
काय सांगणार!
मंडपामागच्या थप्पीतलं एक घेऊन आले.
दाणे कुठले, तिनं भाजलेली कॉफी ओतली.
पाखडली मी. एकदा, दोनदा,
पुढं सालपटं उडाली, पातळ, चांदीच्या वर्खासारखी.
तिनं सूप माझ्या हातातून काढूनच घेतलं
आणि मनगटाला तो झटका दिला,
सासूनं मला तीन वर्षं शिकवलेला,
मला अजून नीट न येणारा.

स्टेजवर भाषण चालू होतं.
मैत्री, शतकं, सेतू.
आम्ही दोघी कॉफीत खडे शोधत होतो.
एकही नव्हता,
तरी बराच वेळ शोधले.

सुपाला त्यांच्याकडे काय म्हणतात, ते तिनं निघताना सांगितलं.
मी म्हणून दाखवलं, ती हसली. पुन्हा म्हटलं.
टेम्पोत शब्द तोंडात धरून होते, पानाचा विडा धरावा तसा,
संचेतीपर्यंत, पुढं नदीवरच्या पुलापर्यंत.
बुरूड आळीच्या तोंडाशी मागून बसनं हॉर्न मारला
आणि सांडला.

तिसऱ्या दिवशी नव्याण्णव सुपं परत आली,
आचेनं पोटात काळवंडलेली.
गलांडेनं एकाचा हिशेब मागितला.
म्हटलं, माझ्या पैशातून काप.