चूक क्रमांक दोनशे

पोर्वेनीरला वारा दार उघडू देत नाही,
खांदा लावावा लागतो.
दोन्या झोर्का तशीच आत शिरली,
काखेत नवा संगणक, भाच्याने सामुद्रधुनीपलीकडून आणलेला,
आणि मुठीत एक फ्लॉपी, पिठाच्या पिशवीच्या फडक्यात गुंडाळून.
"ही यात घाल," म्हणाली,
या पोराला त्या शाळेत घाल म्हणावं तसं.

फ्लॉपीवर तोमिस्लावचं अक्षर: लोकर, ९३.
कातरणीच्या हंगामात गठ्ठे तोलायचे,
कुणाचा किती, कुठल्या प्रतीचा,
हा हिशेब ठेवणारा प्रोग्राम त्याने स्वतः लिहिला होता
एका लांबलेल्या हिवाळ्यात,
शेवटची चाळीस पानं नसलेल्या पुस्तकावरून.
तोमिस्लाव जाऊन नऊ वर्षं झाली.
त्याचं यंत्र गेल्या जुलैत गेलं;
आधी पंखा कुरकुरला, मग तेही थांबलं.

नव्याला फ्लॉपी घालायला तोंडच नव्हतं.
बाहेरून जोडून दिलं,
तर पाटी आली, नम्र, पडद्याच्या मधोमध:
हा प्रोग्राम या संगणकावर चालणार नाही.
खाली एकच बटण. बंद करा.
वाद घालायला जागाच नाही.

मग मी नव्याच्या पोटात एक जुनं यंत्र मांडलं,
नुसतं मानलेलं,
भातुकलीत पान म्हणजे पोळी मानतात तसं.
काळा पडदा, लुकलुकणारी रेघ.
प्रोग्राम उठला
आणि उठता उठताच कोसळला.
चूक क्रमांक दोनशे: शून्याने भागता येत नाही.

रात्रभर शोधलं. शून्य कुठेच नव्हतं.
होतं ते एवढंच,
जागा झाला की तो आधी यंत्राची नाडी बघायचा,
एका क्षणात हे किती धावतं ते मोजून ठेवायचा,
म्हणजे पुढे थांबायची वेळ आली
तर किती थांबायचं ते कळावं.
आणि हे नवं असं सुसाट
की तो आकडा त्याच्या मापात मावेना.
म्हातारपणाने नव्हता पडला तो.

सकाळी वेग उतरवला. चालला.
दोन्या झोर्काने वजन घातलं,
पडद्यावर काहीतरी लखकन येऊन गेलं.
"ते," ती म्हणाली, "तेवढं मला वाचू दे."

आणखी उतरवला.
*थांब गं, मोजतोय.*

"अजून हळू. तो याहून हळू बोलायचा."
मी इतका उतरवला की अक्षरं एकेक करून यायला लागली,
बर्फातून चालत आल्यासारखी.
"इतकं नको रे. तेव्हा जिवंत होता तो."

आता खरं सांगायचं तर
त्या बेरजेला तेवढा वेळ कधीच लागत नव्हता,
त्र्याण्णव सालीही नाही.
मी त्याची ओळन्‌ओळ वाचली होती.
तिथे नुसतं थांबणं लिहिलेलं,
दोन सेकंद, काहीही न करता.
विचारलं, तर ती चष्मा पुसत राहिली.
"मी आकडे उलटे घालते," म्हणाली. "शाळेपासून.
लोकांसमोर सांगायला त्याला बरं नाही वाटायचं."

सालाला दोनच घरं होती,
मागे एकोणीसशे आपोआप उमटलं.
दुरुस्त करू का म्हटलं.
"वीसशे लिहिल्याने लोकर वाढणार आहे का?"

पैशांऐवजी मेंढीची मागची तंगडी ठेवली टेबलावर,
वर्तमानपत्रात बांधलेली.
मग खुर्ची पुढे ओढून
खिशातून शेडमधली चिठ्ठी काढली, पहिला गठ्ठा:
१७८.
*थांब गं, मोजतोय.*
बाहेर पत्रा वाजत होता.
ती मागे आली, दोन घरं पुसली,
१८७.