घासकाम

गेंदालाल रंगाचं नावच काढत नाही.
तिसरा दिवस, आणि घरात
नव्या रंगाचा एक थेंब नाही.
पत्रा चालतो भिंतीवर, खर्र खर्र,
मध्येच पेराने टकटक करून कान लावतो:
"इधर से पोली है, आंटी."

सुदामानगरातल्या या दोन खोल्यांना
मी चार वेळा रंग दिला. दर वेळी वरच्यावर.
दिवाळी तोंडावर, हातात बोनस,
खरवडत कोण बसतं?
आता एकामागून एक निघताहेत:
फिका पिस्ता, त्याखाली बदामी,
त्याखाली एक गुलाबी, जो मला आठवतच नव्हता,
आणि तळाशी नीळ घातलेला चुना.

खिळे निघाले सतरा.
कॅलेंडरचा, आरशाचा, किल्ल्यांचा,
दोन कशाचे, देव जाणे.
भोकांत लांबी भरतो अंगठ्याने दाबून,
दातांच्या डॉक्टरसारखा,
फक्त आ करायला सांगत नाही.
आज नर्मदेचा दिवस नाही,
म्हणून भिंत भिजवायला पाणी मी मापून दिलं.

दुपारी, फोन असायचा तिथे, पत्रा थांबला.
"कुछ लिखा है."
बदामी थरावर पेन्सिलीचे आकडे. सहाच.
म्हणजे इंदूरचे नंबर सहा आकडी होते तेव्हाचे.
अक्षर माझं; सातच्या पोटात रेघ मीच देते.
शेजारी नाव नाही.
नाव लिहायची गरजच वाटली नसणार.

चष्मा आणला. उभी राहिले.
माहेरचा नव्हे, गॅसवाल्याचा नव्हे,
मालिनीचा पाचाने सुरू व्हायचा.
हवेत बोट फिरवून पाहिलं, तबकडी फिरवावी तसं.
कधीकधी बोटाला आठवतं.

गेंदालाल विडी न पेटवता बसून राहिला.
"रहने दूँ? इत्ता टुकड़ा छोड़ देंगे."
मी म्हटलं, मग तिथे खड्डा दिसेल.
"वो तो दिखेगा," तो म्हणाला.

फडकं मीच भिजवून दिलं.

रात्री पोळीवर, उशीवर, पापण्यांवर पूड.
करड्या, ठिपक्याठिपक्यांच्या भिंतींमध्ये पडून विचार करते,
कुणाच्या तरी भिंतीत माझाही नंबर असेल.
नावाशिवाय असला तर बरं.

उद्या एकशे वीसचा पॉलिश पेपर,
मग प्रायमर, मग एक दिवस वाळायला.
रंग कुठला, गेंदालालने अजून विचारलेलं नाही.