चा, ची, चे

पहिल्या तासाला प्राध्यापक एल्स्पेथ डॉइग
फळ्यावर काहीच लिहीत नसत.
टेबलावर केसांचा एक आकडा ठेवत,
टोकाशी वाकवलेला,
आणि विचारत : हा कुणाचा?

डंडीत तेव्हा टे नदीच्या मुखावरून आलेलं धुकं
खिडकीशी थबकलेलं असे.

मग हकिगत. कोरड्या आवाजात, परक्या कुणाची असावी तशी.
एकोणीसशे सत्तावन्न. ज्यूटची गिरणी. साच्यावरची एक बाई.
धागा सारखा तुटतो म्हणून
तिनं डोक्यातला आकडा काढला, दातांनी वाकवला,
चातीशेजारी अडकवला.
धागा तुटायचा थांबला.
त्या गदारोळात बोललेलं ऐकू येत नसे,
म्हणून तिनं खुणेनंच शेजारणीला दाखवलं,
शेजारणीनं पलीकडच्या जेसीला.
शुक्रवारपर्यंत सगळ्या रांगेचे केस मोकळे.

ऑगस्टात पेटंटचा अर्ज गेला. मॅनेजरच्या नावानं.
आकृती एक, आकृती दोन. सुबक.

आम्ही पोरं तावातावानं बाईची बाजू घ्यायचो.
त्या मान हलवायच्या. नाही.
अर्जाआधीच तिनं सगळ्यांना दाखवलं होतं.
जे उघड झालं त्याचं पेटंट कुणालाच नाही,
ना त्याला, ना तिला.
मॅनेजरचं रद्द व्हायला हवं होतं, इतकंच.
कुणी हरकत घेतली नाही,
सोळा वर्षं चाललं.

चौतीस वर्षं हाच पहिला तास.
तीन पुस्तकं, जिनिव्हातल्या समित्या,
एका औषध कंपनीविरुद्ध दिलेलं मत,
तळटीपेत अजून धुगधुगी धरून असलेलं.
सगळा जन्म षष्ठीच्या प्रत्ययात गेला :
चा, ची, चे, च्या.

मी आता ग्लासगोत कंपन्यांचे करार लिहितो.
कलम अकरा :
नोकरीत सुचलेलं सर्व काही कंपनीचं.
'सर्व काही'त काय काय येतं
ते मला तोंडपाठ आहे.

निरोपाच्या दिवशी चहा, सुका केक, डीनचं लांबलेलं भाषण.
मी धीर करून विचारलं, ती बाई कोण?
त्या बशीतला चुरा बोटानं टिपत राहिल्या.
"घरी जेवतानाही खुणांनीच बोलायची," म्हणाल्या.
"मीठ दे. दार लाव. शाब्बास."
आणि शाब्बासची खूण करून दाखवली :
अंगठा नि तर्जनी,
मधे नसलेलं काहीतरी
हळूच वाकवल्यासारखी.

ती खूण मी माझ्या मुलीला शिकवली आहे.
परवानगी घ्यायची राहून गेली.