पापणी

मिरचीच्या पथारीवर राखणीला झोपला होता दित्या.
मण्यार गोधडीत आली आणि गेली.
दंश इतका बारीक, की त्याची झोपही मोडली नाही.
पहाटे तीनला बापाने त्याला मोटरसायकलवर मध्ये बसवून
मफलरने स्वतःशी बांधून आणला
नंदुरबारला, आमच्या मिशनच्या दवाखान्यात.

जीभ जड. पोटात कळ. पापण्या खाली.
मी टॉर्च धरून म्हटलं, वर बघ.
त्याला बघायचं होतं.
पापणी उचलेना.

दहा कुप्या सलाईनमधून सोडल्या, नळी घातली,
व्हेंटिलेटर धुळ्याला दुरुस्तीला गेलेला,
म्हणून हाताने फुगा: दाबा, सोडा. दाबा, सोडा.
बाप थकला की मी,
मी थकले की सीमोन कंपाउंडर,
आणि उजाडल्यावर पाळक शांतवन कोकणी,
बाह्या दुमडून, चष्मा खिशात घालून.

त्या रविवारी साहेबांचं प्रवचन होतं रानातल्या पितळी सापावर.
ज्याने पाहिलं तो जगला.
सीमोनने तेच धरून ठेवलं होतं.
"पाहणं तरी माणसाचं ना, साहेब?
तेवढं तरी देवाने आपल्याकडे ठेवलंय."
"मग सांग ह्याला पाहायला."
"हा दवाखान्यात आला ना?"
"आला नाही, सीमोन. आणला."

सीमोन गप्प झाला. पाच-सहा दाब गप्प.
मग म्हणाला, "आणि फारो?
मन कठीण करणारा एक, बुडणारा दुसरा?"
"माती कुंभाराला जाब विचारत नाही."
"मातीला श्वास लागत नाही, साहेब. दाबा."

मी म्हटलं, हळू बोला दोघे.
मण्यारीचा रोगी मेल्यासारखा पडतो,
पण आत जागा असतो. सगळं ऐकतो.
दोघांनी एकदम खाटेकडे पाहिलं,
जणू त्याच्याबद्दल त्याच्यामागे बोलताना सापडले.

दुसऱ्या रात्री बाप म्हणाला,
त्याला मी दिसतो का, बघा की.
मी अंगठ्याने पापणी वर धरली.
बुबुळ थोडं, अगदी थोडं, बापाकडे सरकलं.

"बघा!" साहेब म्हणाले.
"बघा!" सीमोन म्हणाला.

बापाने काहीच सिद्ध केलं नाही.
तो वाकला, आणि त्या नजरेसमोरून हलला नाही
माझा अंगठा दुखेपर्यंत.

चौथ्या दिवशी नळी निघाली.
सीमोनला राहवेना. पेल्यात पाणी देत विचारलं,
तू आतून जोर लावत होतास का रे?
दित्या बराच वेळ छताकडे बघत राहिला.
"मी ते झोपेल व्हतू," म्हणाला.
आणि मग, पाणी पिऊन, "मफलर कुठे शे?"

इथे थांबता आलं असतं.
पण त्याच आठवड्यात मोलगीकडून जीप आली.
मागच्या सीटवर एक बाई, तीच मण्यार, तशाच मिटलेल्या पापण्या.
घाटात ट्रक आडवा झालेला. दोन तास.
मी अंगठ्याने पापणी उचलली.
आत कोणी नव्हतं.

फ्रीजमध्ये अजून आठ कुप्या होत्या.
हे मी साहेबांना सांगितलं, कारण त्यांच्याकडे नववा अध्याय आहे,
आणि सीमोनला सांगितलं, कारण त्याच्याकडे उत्तर असतंच.
औषध होतं. तिच्यापुरतं होतं. तिच्यापर्यंत नव्हतं.
साहेबांनी चष्मा काढून पुसला, आधीच पुसलेला.
सीमोन कुप्या मोजायला गेला.

रात्री मी रजिस्टर ओढलं.
वर म्हणे एक पुस्तक आहे, नावं आधीच लिहिलेली.
आमच्याकडे माणूस दारात आल्यावरच लिहितात.
तिचं नाव जीपवाल्याला माहीत नव्हतं.
मी रकाना रिकामा ठेवला,
नवरा मागून येत होता, तो सांगेल.

दित्याच्या ओळीत लिहिलं: डोळे उघडले.
कोणी, ते आपल्या भाषेत सांगावं लागत नाही.
तो म्हणेल मी उघडले, साहेब म्हणतील त्याने उघडले,
वाक्य दोघांनाही तसंच राहतं.

मग खालच्या ओळीकडे पाहिलं.
तिथे तेही चालेना.