टी-वन

याला इथं लाईम म्हणतात. लिंबाशी नातं नाही,
लोणचंही होत नाही याचं.
कौन्सिलच्या नकाशावर तो एक हिरवा ठिपका, टी-वन,
एकोणीसशे चौऱ्याऐंशीपासून संरक्षित.
मला इथं कायमचं राहायचा शिक्का मिळायला अकरा वर्षं लागली.
त्याचं काम म्हणे एका दुपारच्या बैठकीत झालं.

घर हिंक्लीत, माती चिकण.
उन्हाळ्यात मुळं तिला पिळून घेतात
आणि मागच्या खोलीची भिंत
खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत उलते.
मी तड्याशेजारी पेन्सिलीनं तारखा घातल्या,
दाराच्या चौकटीवर निहारची उंची लिहायचे तशा.
ऑगस्टात पाच पेन्सचं नाणं आत उभं राहिलं.
अच्युत असते तर म्हणाले असते, राहू दे, गल्ला झाला.

अर्ज केला. नकार आला.
‘परिसराच्या शोभेत मोलाची भर.’
खाली मिस टॅल्बट यांची सही, निळी, झोकदार.
शोभेचा पाला माझ्या पन्हळीत,
शोभेचा चिकटा माझ्या गाडीवर.
ज्वारीवर पडायचा तसाच चिकटा,
फक्त इथं बापूकाकांसारखं बांधावर उभं राहून
आभाळाला शिव्या घालता येत नाहीत.
फॉर्म भरावा लागतो.

अपील अठ्ठावीस दिवसांच्या आत, ब्रिस्टलला.
मी सव्विसाव्या दिवशी पाठवलं:
चौदा फोटो आणि इंजिनिअरचा अहवाल,
ज्याचे सहाशे पौंड अजून मनातून जात नाहीत.
शेजारच्या डेरिक ऑडलींनी माझ्याविरुद्ध पत्र लिहिलं
आणि ते पेटीत टाकून येताना
माझा कचऱ्याचा डबाही आत आणून ठेवला.

मार्चमध्ये इन्स्पेक्टर आले, चिखलाचे बूट दारातच काढले.
नियम असा, की पाहणीच्या वेळी वाद घालायचा नाही.
फक्त बोट दाखवायचं.
चहाही नको म्हणाले.
पाठ केलेली सगळी वाक्यं
वेलदोड्यासारखी गालात धरून मी जिना चढले.

आणि भिंत!
हिवाळाभर पाणी पिऊन माती फुगली होती.
तडा मिटलेला. केसाएवढी रेघ,
आणि शेजारी माझ्या तारखा,
घरात नसलेल्या कुणाची तरी उंची मोजल्यासारख्या.
एकुलता साक्षीदार, तोही माझ्याच घरात फितूर झाला.
मी बोट दाखवलं. कशाकडे, ते मलाही सांगता आलं नसतं.
त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.
जाताना बुंध्यावर पंजा ठेवला,
गाभण म्हशीच्या पोटावर ठेवतात तसा,
मग कुणी पाहिलं का म्हणून वर खिडकीकडे बघितलं.
मी पाहिलं होतं.

अपील फेटाळलं. दीड पान.
आता जुलै. फुलं आलीत,
मधमाशांनी झाड वरपासून खालपर्यंत गुणगुणतंय,
आणि भिंत परत उलू लागलीय.
अर्ज पुन्हा करता येतो, कितीही वेळा, फी नाही.
मी बागेत टेबल मांडून बसलेय, त्याच्याच खाली,
दुसरीकडे सावली नाही.
‘काम करण्याचे कारण’ या रकान्यात
नाण्याचं माप लिहिलं, तारीख लिहिली.
सहीच्या जागी वरून एक थेंब पडला.
बोटानं टिपून चाखला.
गोड आहे मेला.
आता फॉर्म नवा छापायला हवा.